पोलिसांच्या किटमध्ये रंग आला म्हणजे ड्रग्ज सापडलंच असं धरायचं का?

मुळशीचा_पाहुणा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतोय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. पेपरात दर दोन दिवसाआड बातमी असते की अमुक ठिकाणी छापा, इतके ग्रॅम एमडी नाहीतर कोकेन जप्त, किंमत इतके लाख, आणि पुढे एक ओळ की प्राथमिक तपासणीत तो अंमली पदार्थ असल्याचं निष्पन्न झालं. ही प्राथमिक तपासणी म्हणजे नक्की काय असते?

विचारायचं कारण म्हणजे माझ्या मित्राचा धाकटा भाऊ अशाच एका केसमध्ये आत आहे. रूमवर दोघं राहायचे, पार्टनरच्या बॅगेत पांढऱ्या पावडरची पिशवी निघाली, शंभर ग्रॅमच्या वर वजन भरलं, जागेवरच किटमध्ये टाकली, निळा रंग आला, झालं, कोकेन म्हणून गुन्हा दाखल आणि दोघंही आत. सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी लॅबचा रासायनिक तपासणीचा रिपोर्ट, अजून आलेला नाही. काकू वकिलांकडे चकरा मारून थकल्यात, प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळतं की कमर्शियल क्वांटिटी आहे, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या वजनाच्या वर माल आहे, जामीन अवघड आहे. मला प्रश्न हा पडतो की लॅबने अजून सांगितलेलंच नाही ती पावडर काय आहे, मग कमर्शियल क्वांटिटी कशाची धरली? पोरगा निर्दोष आहे का नाही ते मी इथे मांडत नाही, ते कोर्ट बघेल. पण एका रंगावर माणूस महिनोन्‌महिने आत राहू शकतो हे मला खरंच पटत नाहीये. कुणाला या टेस्टबद्दल नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, केमिस्ट्रीची पण आणि कायद्याची पण.

सायली_केम:

मी आधी लॅबमध्ये ड्रग्जच्या सेक्शनला होते, आता कॉलेजात शिकवते, तर केमिस्ट्रीचं मी सांगते, कायद्याचं कुणीतरी जाणकार सांगतील.

किटमध्ये असतं काय, तर छोट्या बाटल्या किंवा सीलबंद पाऊच, त्यात ठराविक केमिकल. त्यावर चिमूटभर पावडर टाकायची आणि रंग बघायचा. कोकेनसाठी वापरतात ते कोबाल्ट थायोसायनेट. ते गुलाबीसर असतं, कोकेन पडलं की निळं होतं. तुमच्या मित्राच्या भावाच्या केसमध्ये निळा रंग म्हणताय तो बहुतेक हाच. आता मुद्दा असा की हे केमिकल कोकेनला ओळखत नाही, ते रेणूच्या एका भागाशी जोडलं जातं, आणि तसा भाग असलेली कितीतरी औषधं आहेत. लिडोकेन, म्हणजे दाताचे डॉक्टर बधिर करायला वापरतात ते, त्यालाही निळा रंग येतो. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांमध्ये असतं ते डायफेनहायड्रामिन, त्यालाही येतो. अमेरिकेत यावर बरंच लिहून आलंय, ऐंशीच्या वर पदार्थांना हा निळा रंग येतो असं तिथे छापून आलं होतं. स्कॉट टेस्ट म्हणून याचीच तीन पायऱ्यांची सुधारलेली पद्धत आहे, आधी निळा, मग अ‍ॅसिड टाकल्यावर गुलाबी, मग क्लोरोफॉर्मच्या थरात परत निळा. ती जरा बरी, पण तीसुद्धा शेवटी रंगाचीच टेस्ट, आणि रात्री अकरा वाजता गाडीच्या हेडलाइटमध्ये तीन थर कोण नीट बघणार सांगा.

दुसरं मार्क्विस रिएजंट (रिएजंट म्हणजे रंग दाखवणारं केमिकल), फॉर्मल्डिहाइड आणि कडक सल्फ्युरिक अ‍ॅसिड. हेरॉइन-मॉर्फिनला जांभळा, एमडीएमएला (एक्स्टसी) जवळजवळ काळा, मेथला (मेथाम्फेटामाइन) नारिंगी-तपकिरी. पण साध्या साखरेवर हे अ‍ॅसिड टाकलं तरी ती करपून गडद तपकिरी होते, आणि अ‍ॅस्पिरिनला लालसर छटा येते. म्हणजे तपकिरी आणि नारिंगी यातला फरक बघणाऱ्याच्या डोळ्यावर गेला. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त पकडलं जातं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन, त्याला मार्क्विसमध्ये ठळक रंगच येत नाही, त्याला वेगळं रिएजंट लागतं. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, निरपराध अडकतो तसा खरा माल सुटूही शकतो. ही दुसरी चूक कुणी बोलून दाखवत नाही.

लॅबमध्ये आम्ही काय करायचो, तर आधी हीच रंगाची टेस्ट, कारण त्यावरून दिशा कळते, पण रिपोर्ट त्यावर लिहायचा नाही. त्यानंतर जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले घटक आधी वेगळे होतात, मग एकेका घटकाचे रेणू तोडून त्यांच्या तुकड्यांच्या वजनाचा पॅटर्न मिळतो, तो पॅटर्न खात्रीच्या शुद्ध नमुन्याशी जुळवायचा. किंवा एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखायची पद्धत. ड्रग्ज तपासणीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात पद्धतींचे तीन गट केलेत, मास स्पेक्ट्रोमेट्री, इन्फ्रारेड वगैरे वरच्या गटात, आणि रंगाच्या टेस्ट सगळ्यात खालच्या गटात. खालच्या गटातल्या एका टेस्टवर पदार्थाचं नाव नक्की करायचं नाही, हे या क्षेत्रात कुणीही नाकारत नाही, किट बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा खोक्यावर लिहितात की लॅबमध्ये खात्री करून घ्या.

कोविडमध्ये आपण सगळे शिकलो की अँटिजेन टेस्टवर थांबायचं नाही, शंका असेल तर आरटीपीसीआर करायची. इथेही तेच आहे, फक्त इथे दुसऱ्या टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत माणूस घरात नाही, जेलमध्ये क्वारंटाइन असतो.

अ‍ॅडव्होकेट_मंगेश:

सायलीताईंनी छान समजावलं. आता मुळशीकरांचा मूळ प्रश्न, रिपोर्ट नाही तर कमर्शियल क्वांटिटी कशाची.

उत्तर असं आहे की जामिनाच्या टप्प्यावर कोर्टासमोर पंचनामा असतो, त्यात लिहिलेलं असतं की फील्ड टेस्टिंग किटने तपासणी केली असता कोकेन असल्याचं दिसून आलं, वजन अमुक. कोकेनची कमर्शियल क्वांटिटी १०० ग्रॅम, मेफेड्रोनची ५० ग्रॅम, हेरॉइनची २५०. एकदा वजन त्या रेषेच्या वर गेलं की एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ३७ लागतं, म्हणजे आरोपी गुन्हेगार नाही असं मानायला वाजवी आधार आहे असं कोर्टाचं समाधान झालं तरच जामीन. साध्या गुन्ह्यात जे असतं त्याच्या बरोबर उलट. आणि त्यात हिरा सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलं की वजन मोजताना त्यातली भेसळसुद्धा धरायची, शुद्ध ड्रग किती ते वेगळं काढायचं नाही. आता जोडून बघा. किट फक्त रंग दाखवतं, किती टक्के ते सांगतच नाही, वजन अख्ख्या पिशवीचं धरलं जातं, आणि त्या वजनावर दहा ते वीस वर्षांच्या शिक्षेचं कलम लागतं. तो एक निळा रंग किती ओझं वाहतोय बघा!

वेळेचं गणितही सांगतो. इतर गुन्ह्यात ६० नाहीतर ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, इथे कमर्शियल क्वांटिटी असेल तर कलम ३६अ(४) खाली १८० दिवस, आणि सरकारी वकिलांनी कारणं दिली तर वर्षापर्यंत वाढवून मिळतात. सीए रिपोर्टशिवाय चार्जशीट दाखल केलं तर ते अपुरं धरून आरोपीला हा जामिनाचा हक्क द्यायचा का यावर हायकोर्टांमध्ये एकमत नाही. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने एनडीपीएसमध्ये ते अपुरं मानलंय, आपल्या मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २०२१ मध्ये उलट सांगितलं की रिपोर्ट नाही म्हणून चार्जशीट अपुरं ठरत नाही. म्हणजे त्याच पावडरीवर, त्याच किटवर, चंदीगडला एक आणि पणजीला दुसरं. केंद्राच्या स्टँडिंग ऑर्डर १/८८ मध्ये नमुना ७२ तासांत लॅबला पाठवा आणि रिपोर्ट १५ दिवसांत द्या असं १९८८ मध्येच लिहिलेलं होतं. पंधरा दिवसांत रिपोर्ट आला असता तर ही चर्चाच झाली नसती.

आणि हे फक्त कागदावरचं भांडण नाही. मुंबईत ऑक्टोबर २०२० मध्ये एका नायजेरियन माणसाला कोकेन आणि एक्स्टसीच्या गोळ्या म्हणून पकडलं, नंतर लॅबच्या तपासणीत निघालं लिडोकेन, टॅपेंटाडोल (वेदनाशामक औषध) आणि कॅफिन, यातलं काहीही एनडीपीएसमध्ये बसत नाही. तो जवळजवळ दोन वर्षं आत होता. २०२२ मध्ये हायकोर्टाने जामीन दिला आणि सरकारला २ लाख भरपाई द्यायला सांगितलं. सायलीताई म्हणाल्या ना लिडोकेनला निळा रंग येतो, हे वाचून मला तीच केस आठवली.

दुसरी केस उत्तर प्रदेशातली. जानेवारी २०२३, १,२८० ग्रॅम तपकिरी पावडर, हेरॉइन म्हणून अटक. पहिला लॅब रिपोर्ट निगेटिव्ह. तरी दुसऱ्या लॅबला नमुना पाठवला, तोही निगेटिव्ह. अलाहाबाद हायकोर्टाने ५ लाख भरपाई दिली, ती सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली, कारण जामीन अर्ज ऐकणाऱ्या कोर्टाला भरपाई द्यायचा अधिकार नाही. कायद्याच्या तांत्रिक बाजूने ते बरोबर असेल, पण त्या माणसाच्या गेलेल्या महिन्यांचं कुणी काय केलं हा प्रश्न तसाच राहतो. कायद्यात कलम ५८ आहे, विनाकारण त्रास देणारी झडती किंवा अटक केली तर अधिकाऱ्याला शिक्षा, किती, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपये!

रिटायर्ड_पीएसआय:

वाचतोय सगळं. ताई आणि वकीलसाहेब बोलतात ते खोटं नाही, पण दुसरी बाजू पण ऐका. किट आलं नव्हतं तेव्हा काय होतं माहितीये का, अधिकारी वास घ्यायचा, रंग बघायचा, आणि अनुभवावरून ठरवायचा. किट आल्यावर निदान काहीतरी आधार आला, आणि निगेटिव्ह आलं म्हणून आम्ही माणसं जागेवर सोडून पण दिलीत, ते कुठल्या पेपरात येत नाही. रात्री दोनला लॉजवर रेड, समोर पुडी, दोन पंच आधीच घाबरलेले, त्यांना घरी जायचंय, माणसाला ताब्यात घ्यायचं का सोडायचं हे मला तिथल्या तिथे ठरवायचंय, जीसी-एमएस मशीन मी खांद्यावर घेऊन जाऊ शकत नाही. सोडला आणि खरंच एमडी निघालं तर उद्या तुम्हीच म्हणणार पैसे खाऊन सोडला.

आणि बहुतेक वेळा खबर पक्की असते. दोन-दोन आठवडे पाळत असते, खबऱ्याने आधी माहिती दिलेली असते, वजनकाटा सापडतो, छोट्या झिपच्या पिशव्या सापडतात, फोनमध्ये चॅट असतात. किट हा त्यातला एक तुकडा. फक्त रंगावर केस केली असं चांगला अधिकारी करत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. किटची एक्स्पायरी कुणी बघत नाही, उन्हाळ्यात विदर्भात गाडीच्या डिकीत किट पडून असतं, आतलं केमिकल काय राहणार. ट्रेनिंग म्हणजे अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक. आणि लॅबवर लोड प्रचंड आहे, आता नवीन बीएनएसएसमध्ये, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात, सात वर्षं आणि वरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी यायलाच पाहिजे असं केलंय, चांगलंच आहे ते, पण तीच माणसं सगळीकडे धावणार आणि ड्रग्जचे नमुने रांगेत थांबणार. त्यामुळे नुसता पोलिसांवर राग काढू नका ही विनंती.

ह्यूस्टनची_मनीषा:

मी टेक्सासमध्ये राहते, पीएसआय काकांचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण इथे आमच्याच शहरात यावर खूप मोठा गोंधळ झाला होता. इथे ट्रॅफिकला गाडी थांबवायची, सीटखाली काहीतरी पांढरं दिसलं की दोन डॉलरचं किट काढायचं, निळं झालं की अटक. मग त्या माणसाला सांगायचं की गुन्हा कबूल कर, थोडक्यात सुटशील, लढलास तर वर्षानुवर्षं जाईल. गरीब माणूस, नोकरी जाईल, मुलं घरी, तो कबूल करून टाकायचा. आणि कबूल केल्यावर केस संपली, मग लॅबला तपासायची घाई कुणाला? नमुने पडून राहिले. पुढे लॅबने ते जुने नमुने तपासायला घेतल्यावर लक्षात आलं की कितीतरी जणांकडे ड्रग्ज नव्हतंच, ज्यांनी "हो माझ्याकडे कोकेन होतं" असं कोर्टात सांगितलं होतं त्यांच्याकडेसुद्धा. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं तिथे २०१५ या एका वर्षात अशा चाळीसच्या वर लोकांची शिक्षा रद्द झाली, एकूण आकडा शेकड्यांत गेला. त्या मधल्या काळात कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं घर गेलेलं. २०१७ मध्ये इथल्या पोलिसांनी ही किट वापरणं बंद केलं, त्याला अजून एक कारण होतं, फेंटानिल नावाचं अतिशय जहाल ड्रग इतकं पसरलं की रस्त्यावर पुडी उघडणं पोलिसांच्याच जिवाला धोक्याचं झालं.

फ्लोरिडात २०१५ च्या डिसेंबरमध्ये एका वयस्कर माणसाच्या गाडीत डोनटवरच्या साखरेचे कण सापडले, किटमध्ये मेथ म्हणून पॉझिटिव्ह, तो ओरडून सांगतोय की साखर आहे. लॅबने नंतर सांगितलं ड्रग नाही, आणि शहराला ३७,५०० डॉलर भरपाई द्यावी लागली. बातम्यांमध्ये लोक त्यावर हसले, पण त्या माणसाची झडती घेऊन त्याला जेलमध्ये टाकलं होतं हे लोक विसरतात. मला हे वाचून कधीच हसू आलं नाही.

मला विचारायचंय सायली, काका म्हणतात खबर पक्की असते, इथे तर खबर वगैरे काही नव्हतं, नुसतं गाडी थांबवली. याने टेस्टच्या खरेपणात फरक पडतो का?

सायली_केम:

मनीषा, फार मोलाचा प्रश्न विचारलास, आणि काकांचा राग पण यात थोडा निवळेल. फरक पडतो, खूप पडतो, आणि हे आकड्यांनी दाखवते. हे आकडे मी समजण्यासाठी धरतेय, कुठल्या सर्व्हेतले नाहीत.

समजा किट असं आहे की खऱ्या ड्रगला कधीच चुकवत नाही, आणि ड्रग नसलेल्या १०० पुड्यांपैकी फक्त ५ ना चुकून रंग येतो. ऐकायला ९५ टक्के भारी वाटतं. आता काकांसारख्यांची पक्क्या खबरीची रेड घ्या, १,००० पुड्यांमध्ये ८०० खऱ्या, २०० साध्या. किट ८०० खऱ्या पकडेल आणि साध्यातल्या १०. म्हणजे ८१० पॉझिटिव्हमध्ये १० चुकीचे. ठीक आहे. आता ह्यूस्टनसारखं कुणालाही थांबवून झडती घ्यायची पद्धत घ्या, १,००० मध्ये ५० खऱ्या आणि ९५० साध्या, कुणाची साखर, कुणाची औषधाची पूड. किट ५० पकडेल आणि साध्यातल्या ४७-४८ ना पण रंग येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांतला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस निरपराध! किट तेच, केमिकल तेच, चुकीचं प्रमाण तेच. म्हणून "या किटची अचूकता किती टक्के" हा प्रश्न एकटा विचारून उपयोग नाही, ते कुणावर वापरलं आणि दुसरा पुरावा किती होता हे विचारायला पाहिजे. काका जे म्हणतात की वजनकाटा, पिशव्या, चॅट, तेच खरं महत्त्वाचं आहे. तुमच्या मित्राच्या भावाच्या केसमध्ये रंगाशिवाय अजून काय आहे हे बघा.

आणि हा प्रकार फक्त ड्रग्जचा नाही. मी मुलांना शिकवताना नेहमी बर्मिंगहॅमची केस सांगते. २१ नोव्हेंबर १९७४ ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. त्याच रात्री बेलफास्टला जाणारी बोट पकडायला निघालेल्या आयरिश माणसांना हेशम बंदरावर पकडलं, आणि त्यांचे हात ग्रीस टेस्टने तपासले. ही टेस्ट नायट्राइट दाखवते, आणि नायट्रोग्लिसरीनपासून ते मिळतं म्हणून पॉझिटिव्ह आलं की हाताला स्फोटक लागलंय असा निष्कर्ष. काहींच्या हातावर पॉझिटिव्ह आली आणि डॉ. फ्रँक स्क्यूस यांनी कोर्टात सांगितलं की मला ९९ टक्के खात्री आहे. दुसऱ्या तज्ज्ञाने त्याच खटल्यात सांगितलं होतं की नायट्रोसेल्युलोजपासूनही हे येऊ शकतं, आणि नायट्रोसेल्युलोज रोजच्या वस्तूंच्या पॉलिशमध्ये असतं. कुणी ऐकलं नाही. १९७५ मध्ये सहा जणांना जन्मठेप. ती माणसं ट्रेनमध्ये पत्ते खेळत आली होती! १९८५ मध्ये टीव्हीसाठी दोन शास्त्रज्ञांनी पत्ते पिसून हाताची हीच टेस्ट केली तर पॉझिटिव्ह आली. तरी सुटायला १४ मार्च १९९१ उजाडला. सोळा वर्षं.

ऑस्ट्रेलियात उलुरूजवळ १९८० मध्ये एक तान्हं बाळ गायब झालं, आई सांगत होती की डिंगो कुत्र्याने नेलं. गाडीत रक्त सापडलं म्हणून आईला १९८२ मध्ये जन्मठेप. रक्ताची प्राथमिक टेस्ट ऑर्थो-टोलिडिनची होती, ती तांब्याच्या कणांनाही पॉझिटिव्ह येते, आणि ते कुटुंब माउंट आयझाचं, म्हणजे तांब्याच्या खाणीचं गाव. डॅशबोर्डखालचा जो फवारा बाळाच्या रक्ताचा म्हणून सांगितला तो कारखान्यात मारलेला आवाज दाबणारा लेप निघाला. आणि ज्या प्लेटांवर टेस्ट केल्या होत्या त्या लॅबने टाकून दिलेल्या, म्हणजे परत तपासायची सोय नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. टेस्ट चुकू शकते, पण नमुना आणि नोंदी जपल्या तर चूक सापडू तरी शकते.

बार्शीचा_बाळू:

एक सांगू का, आमच्याकडे लाचलुचपतवाले ट्रॅप लावतात तेव्हा नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात, मग साहेबाचे हात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरतात, चमकले की सापडला. मी एका ट्रॅपमध्ये पंच होतो. तिथे टेस्ट बरोबरच असते, चूक नसते, पण त्यातून फक्त एवढंच कळतं की हात नोटेला लागला. नोट टेबलावर ठेवून कुणी सरकवली तरी हात चमकणार. म्हणून सुप्रीम कोर्ट म्हणतं की मागणी केल्याचं सिद्ध झालं पाहिजे, नुसते पैसे सापडून चालत नाही, वकीलसाहेब बरोबर ना?

अ‍ॅडव्होकेट_मंगेश:

बाळूभाऊ अगदी बरोबर, २०२२ मध्ये घटनापीठानेही नीरज दत्ता केसमध्ये मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध करायला लागतात असंच सांगितलंय.

मुळशीचा_पाहुणा:

सगळ्यांचे मनापासून आभार, आज रात्री हे सगळं काकूंना वाचून दाखवणार आहे. काका, तुमचं पण पटलं. आता एकच सांगा, प्रत्यक्षात करायचं काय? वकील म्हणतात रिपोर्ट येईपर्यंत थांबा. थांबायचंच का नुसतं?

अ‍ॅडव्होकेट_मंगेश:

नुसतं थांबू नका. तुमच्या वकिलांना डावलून मी काही सांगत नाही, त्यांच्याशी बोलूनच करा, केसचे कागद त्यांनी बघितलेत मी नाही.

पहिलं म्हणजे पंचनाम्याची प्रत घेऊन त्यात किटबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचा. कुठलं किट, कुठली टेस्ट, कुठला रंग, का नुसतंच "कोकेन असल्याचे दिसून आले". रंगच लिहिलेला नसेल तर तो जामिनाच्या अर्जात मांडायचा मुद्दा आहे. बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायला लागतं, केस १ जुलै २०२४ नंतरची असेल तर ते शूटिंग मागा, त्यात टेस्ट करताना दिसते का, रंग दिसतो का, पिशवी एकच होती का अनेक पुड्या एकत्र ओतून मग टेस्ट केली ते दिसेल. अनेक पुड्या एकत्र केल्या असतील तर वजनाचाच प्रश्न उभा राहतो.

दुसरं, कलम ५२अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढले का आणि कधी, लॅबला कुठल्या तारखेला पोचले, हे रिमांडच्या तारखेलाच विचारायला लावा. कितीतरी केसमध्ये उशीर लॅबचा नसतोच, नमुना पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल खोलीतच पडलेला असतो. लॅबला लवकर रिपोर्ट द्यायचे निर्देश द्यावेत असा अर्ज एनडीपीएस कोर्टात करता येतो, कोर्टं असे आदेश देतात, मी घेतलेत. चार्जशीटची मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मुदतवाढीचा अर्ज आला तर त्याला विरोध करा, गप्प बसू नका, कारण रिपोर्ट प्रलंबित आहे एवढं एकच कारण असेल तर त्यावर भांडता येतं.

रिपोर्ट आला आणि तो विरोधात गेला तर फेरतपासणीसाठी हातात दिवस फार कमी असतात. थाना सिंग केसमध्ये २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फेरतपासणी अपवाद म्हणूनच, आणि अर्ज रिपोर्ट मिळाल्यापासून १५ दिवसांत करायचा. लोक इथेच चुकतात, रिपोर्ट फाइलला लागलेला असतो आणि महिनाभर कुणी बघितलेला नसतो. आणि रिपोर्टमध्ये शेवटची ओळ वाचून थांबू नका, कुठली पद्धत वापरली ते बघा. नुसतं "रासायनिक चाचणी पॉझिटिव्ह" लिहिलं असेल तर लॅबच्या साहेबांना साक्षीला बोलवा. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट साक्षीशिवाय वाचता येतो हे खरं, पण बीएनएसएसच्या कलम ३२९ मध्येच कोर्टाला तज्ज्ञाला बोलवून तपासायचा अधिकार दिलाय, तो वापरायला लावायचा.

सायली_केम:

मंगेशदादा, त्यात एक भर घालते. तज्ज्ञ साक्षीला आले तर वर्कशीट मागा, म्हणजे टेस्ट करताना हाताने लिहिलेल्या नोंदी आणि मशीनचे ग्राफ. एका ओळीचा रिपोर्ट कुणालाही लिहिता येतो, ग्राफ मात्र दुसऱ्या केमिस्टला दाखवून तपासता येतो. मुळशीकर, तुम्हाला ते ग्राफ मिळाले तर नावं झाकून मला मेसेजमध्ये पाठवा, मी बघून सांगेन त्यात काय दिसतंय.

रिटायर्ड_पीएसआय:

आणि नमुना लॅबला गेला का नाही ते उद्याच पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल कारकुनाकडे विचारायला लावा वकिलांना. रजिस्टरमध्ये जावक नंबर आणि तारीख असते. तिथे नोंद नसेल तर माल अजून तिथेच आहे असं समजा आणि त्याच दिवशी अर्ज टाका.